ग्रंथालय कोणास म्हणावे?

घरात चार पुस्तके असली म्हणजे ते घर ग्रंथालय ठरत नाही. शाळेतील ज्या कपाटाची किल्ली प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे सांभाळली, तेही कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक ग्रंथालय नव्हे. मग ग्रंथालय म्हणावे तरी कोणास? आपल्याकडे या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

रत्नागिरीस १८२८ साली व पुण्यास १८४८ साली वाचनालये निघाली. पुढे ठाणे (१८९३) व मुंबई (१८९८) येथे मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली. ही सारी लोकांच्या हौसेने व वर्गणीने चालली. वर्गणी भरील तो वाचक, एवढीच व्याख्या. बडोद्यात मात्र श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास पाचारण करून ग्रंथालय हे राज्याचे कर्तव्य ठरविले. वाचनाचा अधिकार वर्गणीवाचूनही असू शकतो, हे येथे प्रथम दिसले.

कायदा करण्याचा पहिला मान कोल्हापूर संस्थानाचा, सन १९४५. त्यानंतर १९४८ साली डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांनी मद्रासचा कायदा झाला. तेथे ग्रंथालयासाठी करावर उपकर बसला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या अधिनियमाने उपकर घेतला नाही, अनुदानाचा मार्ग पत्करला. (हे योग्य झाले की नाही, याविषयी मतभेद आहेत, मला उपकरच बरा वाटतो.) अनुदान द्यावयाचे म्हटल्यावर पात्र कोण, हे ठरविणे ओघानेच आले. ते १९७० च्या नियमांनी ठरविले. संस्था नोंदलेली हवी, हिशेब तपासलेले हवेत. मग ग्रंथसंख्या, सभासद, सेवक इत्यादी पाहून अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. परंतु या सर्वांहून महत्त्वाची अट निराळी: जात, धर्म, पंथ न पाहता दार सर्वांस उघडे असले पाहिजे.

ज्ञातिबंधुभगिनींनी येथे क्षणभर थांबावे. ज्या ज्ञातिसंस्थेच्या सभागृहातील कपाटे केवळ ज्ञातीसाठी उघडतात, तिचा तो खासगी संग्रह होय. तो बाळगण्यास कोणाची आडकाठी नाही. मात्र सरकारी अनुदानासाठी अर्ज करावयाचा झाल्यास पुस्तके मोजण्यापूर्वी संस्थेच्या घटनेतील सभासदत्वाचे कलम काढून वाचावे, व ते बदलण्याची तयारी आहे काय, हे सर्वसाधारण सभेस स्पष्ट विचारावे.