दीड वर्षाचं दूध

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात व्हॅरम पर्सी नावाचं एक उजाड गाव आहे. लोकरीला भाव आला, जमीनमालकांना मेंढ्यांसाठी कुरणं हवी झाली आणि १५००च्या सुमारास शेवटच्या कुटुंबांनाही घरं सोडावी लागली. जोती गवताखाली गेली. सेंट मार्टिनचं चर्च तेवढं राहिलं, कारण आसपासच्या वस्त्यांतली माणसं तिथे येत राहिली. आज तेही बिनछपराचं आहे, मनोरा अर्धा ढासळलेला. गाव भरलेलं असताना चर्चला दोन्ही अंगांनी पडव्या जोडल्या होत्या; माणसं घटल्यावर त्या पाडल्या. बुजवलेल्या कमानी भिंतीत अजून दिसतात.

आम्हाला मात्र चर्चपेक्षा त्याच्या दफनभूमीबद्दल बोलायचंय. उत्खननात तिथे जवळपास ७०० सांगाडे मिळाले. शेतकऱ्यांचे, त्यांच्या बायकांचे, लेकरांचे. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या हाडांतल्या नायट्रोजनमध्ये आईच्या दुधाची खूण राहते. ती तपासल्यावर कळलं की इथल्या आया बाळांना साधारण दीड वर्ष पाजत होत्या. घरात गरिबी, तरी तोवर बाळं आजच्या बाळांइतकीच वाढत. दूध तुटलं की मागे पडत.