यीस्टची पेशी आणि फॉस्फेटचा शिक्का

पावाचे पीठ फुगविणारे यीस्ट ही एक एकपेशीय बुरशी होय. गोव्यातील पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालीत, तेव्हाही पीठ फुगविण्याचे काम सुरेतील यीस्टच करीत असे. या क्षुद्र जीवाने शास्त्रज्ञांना जे धडे दिले, त्यांपैकी एक फॉस्फेटचा आहे.

१८९७ साली एडुआर्ट बुख्नर यांनी जिवंत पेशीवाचून, केवळ यीस्टच्या रसाने साखर आंबविता येते, हे दाखविले. त्या रसात फॉस्फेट घातले म्हणजे मंदावलेले किण्वन पुन्हा वेग घेते, असे पुढे आर्थर हार्डन व विल्यम यंग यांना १९०६ च्या सुमारास आढळून आले. परंतु फॉस्फेट हा पेशीच्या राज्यकारभारातील शिक्काही आहे, हे उमगावयास आणखी अर्धे शतक लोटावे लागले. १९५५ साली सिअ‍ॅटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी स्नायूंतील एका विकराचा अभ्यास केला. त्यावर फॉस्फेट चढले की ते कामाला लागते, उतरले की स्वस्थ बसते, असे त्यांना दिसले. या शोधाबद्दल त्यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकांना जागविणाऱ्या प्रथिनांवरही असाच शिक्का चालतो काय? यीस्टने याचे स्पष्ट उत्तर दिले. फॉस्फेटचा तुटवडा पडताच यीस्ट एक खास विकर तयार करून पेशीबाहेरच्या पदार्थांतून फॉस्फेट सोडवून घेते. ओसाका विद्यापीठात यासुजी ओशिमा व त्यांचे सहकारी यांनी सदोष वाण निवडून या व्यवस्थेतील जनुके शोधून काढली. त्यानंतर १९९४ पासून सॅन फ्रान्सिस्को येथे एरिन ओ'शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे रहस्य उलगडले.

त्या विकराचे जनुक जागविणाऱ्या प्रथिनाचे नाव फो-४. सुबत्तेच्या दिवसांत फो-८० व फो-८५ ही जोडी त्यावर पाच ठिकाणी फॉस्फेट चढविते. असे शिक्के बसलेले फो-४ केंद्रकाबाहेर काढले जाते व जनुक निद्रिस्त राहते. टंचाई आली की फो-८१ हे प्रथिन त्या जोडीला आवरून धरते. मग शिक्क्यावाचूनचे फो-४ केंद्रकात साठते आणि जनुक जागे होते. फो-८० बिघडलेले यीस्ट मात्र सुबत्तेतही ते विकर व्यर्थ तयार करीत राहते, तर फो-४ गमावलेल्या यीस्टला टंचाईतही ते पुरेसे तयार करता येत नाही.

मानवी पेशींतही प्रथिनांवर फॉस्फेट चढविणारी पाचशेहून अधिक विकरे आहेत. रक्ताच्या एका कर्करोगात असे एक विकर थांबतच नाही. त्याला आवर घालणाऱ्या इमॅटिनिब या औषधास अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली, आणि पूर्वी बहुधा प्राणघातक ठरणारा तो रोग अनेकांच्या बाबतीत आटोक्यात राहू लागला. जनुक जवळ असणे पुरेसे नाही. त्याने केव्हा बोलावे व केव्हा गप्प राहावे, यावरही पेशीचे आणि माणसाचे आरोग्य अवलंबून असते.