घोड्याचं डोकं आणि वीस डॉलर

जनावर झोकांड्या खाऊ लागलं, गोल गोल फिरू लागलं, की आपला पहिला संशय वैरणीवर जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातही १९३० साली तसंच झालं. तिथल्या सान वाकीन खोऱ्यात उन्हाळ्यात घोडी नि खेचरं पटापट आजारी पडू लागली. सुमारे ६००० जनावरांना रोग झाला, त्यातली जवळजवळ निम्मी दगावली. ट्रॅक्टर तेव्हा घरोघरी नव्हते. घोडं गेलं की औत थांबलं. चाऱ्यातून विषबाधा झाली असावी, असा समज होता.

डॉ. कार्ल मेयर हे मूळचे स्वित्झर्लंडचे पशुवैद्य, तेव्हा सान फ्रान्सिस्कोत संशोधन करीत होते. मेलेल्या घोड्यांचे मेंदू त्यांनी तपासले, पण हाती काही लागेना. मग त्यांनी ताडलं, की रोगाचा विषाणू मेंदूत सुरुवातीलाच असणार. घोडं मरेपर्यंत तो नाहीसा होत असावा. म्हणजे नुकतंच आजारी पडलेलं घोडं हवं. पण पायावर उभं असलेलं घोडं मारायला कोण देईल?

असं एक घोडं सापडलं, तर मालकानं साफ नकार दिला. त्यात त्याचं काय चुकलं? बरं होईल ही आशा असतेच. मेयर यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी, की त्यांनी घरधनिणीच्या हातावर वीस डॉलर ठेवले आणि नवरा झोपला की खिडकीतून खूण करायला सांगितलं. रात्री खूण झाली, आणि घोड्याचं डोकं प्रयोगशाळेत पोचलं! विषाणू हाती आला. १९३१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. १९३८ साली तोच विषाणू मेंदूज्वरानं दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूत मिळाला, आणि १९४१ साली डासांत. पाखरांतून डासात, डासातून घोड्यात नि माणसात, अशी ही वाट.

पुढे तिथं चोरून डोकी आणायची वेळ राहिली नाही. ठिकठिकाणी कोंबड्या ठेवून त्यांचं रक्त ठराविक दिवसांनी तपासतात. कोंबडी आजारी दिसत नाही, पण डास चावून गेल्याची खूण रक्तात सापडते. माणसं आजारी पडण्याआधी डासांचा बंदोबस्त करता येतो.

आपल्याकडे जनावराच्या मेंदूच्या रोगांत पिसाळी फार घातक. गाय-म्हैस लाळ गाळते, वेगळाच आवाज काढते, गिळता येत नाही. घशात काही अडकलं समजून तोंडात हात घालू नका. लाळ जखमेला लागली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा नि लगेच माणसांच्या दवाखान्यात जा. जनावर वेगळं बांधा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कोणत्या दिवशी काय दिसलं ते लिहून ठेवा. जनावर मेलं तर चिरफाड करू नका, पण पुरण्याआधी डॉक्टरांना विचारा. पिसाळीची खात्री मेंदूच्या नमुन्यावरूनच होते, आणि तो लवकर घ्यावा लागतो.