मेंढरे आणि शेरडे

बायबलच्या प्रकटीकरण या ग्रंथातले सात शिक्के, चार घोडे आणि श्वापद यांचा अर्थ लावण्यात ख्रिस्ती जगाने शतके घालवली. अंतिम न्यायाची सर्वांत साधी खूण मात्र वाशिमच्या माळावर कुणालाही दिसेल: एकाच कळपात चरणारी मेंढरे आणि शेरडे.

तिचे मूळ इसवीसनापूर्वी सहाव्या शतकातले. बाबेलच्या बंदिवासातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात, ३४व्या अध्यायात, देव स्वतः कळपाचा निवाडा करतो. गुन्हा कोणता? धष्टपुष्ट जनावरांनी कुरण खाल्ले आणि उरलेले तुडवले, स्वच्छ पाणी पिऊन उरलेले गढूळ केले, दुबळ्यांना शिंगांनी रेटून पांगवले. न्यायाचे प्रकरण चारा-पाण्यावरून उभे राहिले, हे मला फार मोलाचे वाटते.

दानीएलाच्या दृष्टान्तातून सिंहासन आणि मनुष्याचा पुत्र आले. मत्तयाच्या २५व्या अध्यायात येशूने हे धागे एकत्र विणले: उजवीकडे मेंढरे, डावीकडे शेरडे. कसोट्या सहा: भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, कैदी. अशांसाठी जे केले ते न्याय करणारा राजा, म्हणजे ख्रिस्त, स्वतःसाठी केलेले मानतो; पण आपण त्या राजाची सेवा केली किंवा टाळली, हे दोन्ही बाजूंना ठाऊकच नव्हते! सहाव्या शतकात इटलीतल्या राव्हेनाच्या चर्चमध्ये हे दृश्य रंगीत खड्यांत उतरले. मेंढरांशेजारी लाल देवदूत, शेरडांशेजारी निळा.

हा न्याय करायला ख्रिस्त पुन्हा कधी येणार, प्रकटीकरणातल्या हजार वर्षांच्या राज्याआधी की नंतर, यावर अमेरिकेत कडाक्याचे मतभेद होते. १९०८ साली टेक्सासमधल्या पायलट पॉइंट येथे काही गट जोडून चर्च ऑफ द नाझरीन आकाराला आले, तेव्हा त्यांनी या प्रश्नावर एकच मत लादले नाही. पुनरागमन, पुनरुत्थान आणि न्याय यांवरची श्रद्धा मात्र ठाम ठेवली. तो शहाणपणा होता. याच चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पाइकर १९३६ साली भारतात आल्या आणि वाशिमला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, त्यांनी रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. सहांतली पाचवी कसोटी इथे खाटा आणि औषधे होऊन आली.

राजा ज्यांना आपले कनिष्ठ भाऊ म्हणतो ते फक्त त्याचे शिष्य की कोणीही गरजू, यावर भाष्यकार अजून भांडतात. मला दुसरा अर्थ पटतो. यहेज्केलाच्या कळपात ढकलला गेलेला प्राणी दुबळा होता, एवढेच पुरेसे ठरले होते.