सायकलवर किती सामान घ्यावं?

आजचा इतिहास माझ्या बैठकीच्या खोलीतून सुरू होतो. जमिनीवर दोन पॅनिअर बॅगा उघड्या पडल्यात आणि त्यांच्याभोवती माझा सगळा पसारा. डिसेंबरात पुण्याहून वरंध घाटाने कोकणात उतरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा गाठायचा, असा बेत आहे.

हाच बेत दोन वर्षांपूर्वी फसला होता. तेव्हा माझं सामान होतं २१ किलो. घाट उतरताना मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, चाक ब्रेकला घासायला लागलं. खाली गावातल्या सायकलवाल्या काकांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "स्पोक कसातरी बसवून दिला असता हो, पण हे गिअरचं चक्र काढायचं हत्यार माझ्याकडे नाही." माझ्या बॅगेत स्टोव्ह होता, तीन जर्सी होत्या, दोन पॉवरबँक होत्या. ते हत्यार नव्हतं. मित्र पुढे एकटा गेला. मी टेम्पोत बसून परत आलो.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. जुने लोक काय घेऊन निघायचे?

सुरुवात थॉमस स्टीव्हन्सपासून करू. २२ एप्रिल १८८४ रोजी हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. सायकल कोलंबिया कंपनीची, पुढचं चाक ५० इंची, मागचं छोटंसं. सामान म्हणजे मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट आणि एक रिव्हॉल्व्हर. बस्स! रेनकोट हाच तंबू, तोच बिछाना. ४ ऑगस्टला तो बोस्टनला पोचला. पुढे इंग्लंड, युरोप, तुर्कस्तान, इराण करत १८८६ मध्ये तो आपल्याकडेही आला आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याला गेला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला योकोहामात त्याची पृथ्वीप्रदक्षिणा संपली.

आता म्हणाल, एवढ्याशा सामानात जमलं कसं? एक कारण यंत्राचं. त्याचे टायर भरीव रबराचे होते. हवा नाही, म्हणून पंक्चर नाही. पंप नको, ठिगळं नकोत. डनलॉपने हवेचा टायर आणला १८८८ मध्ये. त्याने रस्त्याचे हादरे कमी केले, पण प्रत्येक सायकलस्वाराच्या पिशवीत पंक्चरचं सामान कायमचं घालून ठेवलं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टीव्हन्सचं बिऱ्हाड वाटेवर ठिकठिकाणी पसरलेलं होतं. तो कुणाच्या गोठ्याच्या आडोशाला, कुठे सराईत, कुठे पाहुणा म्हणून झोपला. १८८५-८६ चा हिवाळा त्याने तेहरानमध्ये काढला. त्याचं सामान हलकं राहिलं, कारण चूल आणि छप्पर दुसऱ्यांचं होतं. गंमत बघा, रिव्हॉल्व्हर घेतलं ते माणसांच्या भीतीनेही, आणि निभावलं तेही माणसांमुळेच.

१८९४ मध्ये बोस्टनहून ॲनी लंडनडेरी निघाली. एक जादा कपड्यांचा जोड आणि मोत्याच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर, एवढंच बरोबर. पण तिची सायकलच ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोंची! शिकागोत पोचल्यावर तिने ती बदलून २१ पौंडांची पुरुषी सायकल घेतली आणि लांब झगाही सोडला. बॅगेतून काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने सायकलच निम्मी केली.

मग आपली मुंबई. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण जगप्रवासाला निघाले. इराण, इराक, सीरियाचं वाळवंट. वाळवंटात हिशोब उलटा होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि ते काही कमी करता येत नाही. ७१,००० किलोमीटर करून १८ मार्च १९२८ ला तिघे परतले: अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा.

आणि शेवटी डर्व्हला मर्फी. १९६३ च्या जानेवारीत ती सायकलवर आयर्लंडहून भारताकडे निघाली. निघण्याआधी तिने सायकलचे तिन्ही गिअर काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, हे तिने ओळखलं होतं. जादा टायर वाटेतल्या शहरांत आधीच पाठवून ठेवले. हे वाचलं आणि मला ते सायकलवाले काका आठवले. गिअर नसलेलं चाक त्यांनी अर्ध्या तासात उभं करून दिलं असतं!

वजन कमी करणं म्हणजे नुसता वस्तू काढणं नव्हे, हे मला यातून कळलं. प्रत्येक वस्तूला विचारायचं: ही नसेल तर वाटेत कोण देईल? आणि सायकलला विचारायचं: हे तुटलं तर वाटेत कोण जोडेल? कोकणात जेवण मिळतं, चहा मिळतो, रात्री देवळाचा ओटाही मिळतो. माझ्या कॅसेटचं हत्यार मिळत नाही.

म्हणून स्टोव्ह बाहेर. दोन जर्सी बाहेर. चार जादा स्पोक आणि ते हत्यार आत. वजन भरलं ११ किलो.

परवा मित्राला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "किती किलो रे या वेळी?" मी आकडा सांगितला. थोडा वेळ थांबून म्हणाला, "मग येतो."

पुढच्या भागात भेटू, मंडळी. तोवर तुमच्या बॅगेतली एक वस्तू काढून बघा.