श्रुतलेखन-यंत्र आणि सदोष वाणी

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली सिद्ध झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र उच्चारलेले अंक ओळखीत असे. मात्र ते प्रथम त्या त्या वक्त्याच्या आवाजाशी जुळवून घ्यावे लागे. पुढे ही उणीव मानली गेली. असंख्य वक्त्यांच्या उच्चारांवरून घडविलेली यंत्रे कोणाचेही बोलणे टिपू लागली. तथापि अडखळत वा अस्पष्ट बोलणारा त्या ‘कोणाही’त आला नाही. २०१५ च्या ॲपल घड्याळात अक्षरफलक नव्हता. मनातला मजकूर बोलूनच लिहावा लागे. कंपवाताने ज्याचा हात थरथरतो, त्याची वाणीही पुष्कळदा अस्पष्ट होते. म्हणजे ज्याला या सोयीची निकड अधिक, त्यालाच ती दुरावली. २०१९ मध्ये गूगलच्या ‘युफोनिया’ प्रकल्पाने अशा वक्त्यांचे उच्चार संग्रहित करून एकेका व्यक्तीच्या वाणीस अनुरूप यंत्र घडविण्याचा मार्ग धरला. त्याज्य ठरलेले ‘ऑड्री’चे तत्त्वच येथे उपकारक ठरले.