मूळ वाचलं, पण दाढ?

मंडळी, आपल्या शेवगाव भागात ‘रूट कॅनाल’ हा शब्द आता कुणाला नवा नाही. ठणका थांबला की काम झालं असं आपण समजतो आणि कॅपचं पुढं ढकलतो. कापसाचे पैसे आले की बघू, ऊस गेला की बघू. मग एक दिवस भाकरीत खडा येतो आणि दाढ उभी चिरते. असं का होतं, हे समजायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार यांचा दंतवैद्यकावरचा ग्रंथ निघाला. उरलेल्या मुळात सोन्याचांदीची कांडी रोवून तिच्यावर दात उभा करायची रीत त्यात आहे. पुढं लाकडी खुंट्या आल्या. लाळेनं लाकूड फुगायचं आणि घट्ट बसायचं, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं ना, तसंच. पण फुगता फुगता तीच खुंटी मूळ फोडायची. कांडीनं दात मजबूत होतो, ही समजूत मात्र टिकून राहिली.

१९८४ साली सोरेन्सन आणि मार्टिनॉफ यांनी रूट कॅनाल झालेल्या १,२७३ दातांचा हिशेब मांडला. कॅप असलेल्या दाढा कितीतरी जास्त टिकल्या होत्या. कांडीनं बळ वाढल्याचं काही दिसलं नाही. १९८९ च्या एका प्रयोगात तर रूट कॅनालच्या कामानं दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्के घटला, पण दोन्ही बाजूंच्या कडा गेलेल्या खड्ड्यानं तो ६३ टक्के घटला. म्हणजे दाढ कमजोर होते ती मुख्यतः भिंती गेल्यामुळं. कांडीचं काम वरचं भरण धरून ठेवणं, एवढंच.

मग बळ कशानं येतं? बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, ती लाकूड फाकू देत नाही. कॅपनंही हिरडीवरचा शाबूत दात दीड-दोन मिलिमीटर उंचीपर्यंत सगळीकडून असाच कवेत घ्यायला हवा.

म्हणून डॉक्टरांना विचारा, ‘भिंती किती उरल्यात?’ पुढचा दात बराचसा शाबूत असेल तर साधं भरणही पुरतं. दाढेची कॅप मात्र पुढच्या हंगामावर टाकू नका. लाकडी खुंटीनं फुटलेलं मूळ तेव्हा कुणाला सांधता आलं नाही, आणि उभं चिरलेलं मूळ वाचवणं आजही जवळपास अशक्यच आहे.